प्रत्येक वीकेंडला कुठेतरी जायलाच हवं का? (जर्मनी आणि आसपास)

गवतीचहा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं पुण्याहून श्टुटगार्टला आलो त्याला आता बरेच महिने झाले. नवऱ्याची नोकरी छान चाललीय. माझा जर्मनचा बी१चा क्लास आणि नोकरीची शोधाशोध एकदमच चालू आहे. घर बरं आहे, शेजार बरा आहे. प्रश्न फक्त वीकेंडचा.

नवऱ्याने एक एक्सेल बनवलीय. वर्षातले सगळे शनिवार-रविवार, पुढे गावाचं नाव, तिकीट, खर्च. झालेलं हिरवं, ठरलेलं पिवळं, रिकामं राहिलेलं लाल. लाल दिसलं की त्याचा जीव खालीवर होतो. "युरोपात येऊन घरातच बसायचं होतं तर कोथरूड काय वाईट होतं?" हे पालुपद. मग शुक्रवारी रात्री पोळ्या लाटा, डबे भरा, शनिवारी पहाटेची गाडी पकडा. रविवारी रात्री अकराला घरी. सोमवारी सकाळी फ्रीज उघडला तर अर्धं लिंबू आणि मोहरीची ट्यूब. शनिवारी आम्ही नसतो, रविवारी दुकानं नसतात.

मला फिरायला आवडतं हो. पण परवा स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलसमोर उभी होते आणि डोक्यात मशीनमध्ये राहून गेलेले ओले कपडे. पुढे एका चौकात मी म्हटलं, "ही घरं आपण मागच्या वेळी पाहिली ना?" तर ती कोलमारची होती म्हणे. झालं, संध्याकाळपर्यंत अबोला.

तर तुम्ही काय करता? दर वीकेंडला बाहेर पडता का? घरची कामं कधी उरकता? आणि घरी राहिलात तर काही चुकल्यासारखं वाटतं का?

तिखटमीठ
एक्सेलमध्ये 'घर' नावाचं गाव घाल. तिकीट शून्य, खर्च शून्य. हिरवं कर. (दिवे घे)

ठसका
मी तुझ्या नवऱ्याच्या पार्टीत.

श्टुटगार्ट म्हणजे गाड्यांचं गाव. त्या धंद्याचे सध्याचे वारे तुम्हाला दिसतच असतील. आमच्या ओळखीतल्या किती जणांना गेल्या दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळावा लागला. नोकरी गेली की व्हिसाचं घड्याळ टिकटिकायला लागतं. एकदा परत गेलात की मग युरोप बघायचा म्हणजे व्हिसाची अपॉइंटमेंट, बँक स्टेटमेंट, विमान, रजा, आणि वर टूर कंपनीचं 'सात देश नऊ दिवस'. आज तुम्ही मनात आलं तर दुपारची कॉफी फ्रान्समध्ये पिऊ शकता. कपडे काय, सोमवारीही वाळतात.

अर्धा_कप
ठसका, वाळतात हो. वास जात नाही.

पुढचं_स्टेशन
आला, आला, माझा विषय आला!

गवतीचहा, तुमच्याकडे डॉइचलांड तिकीट (महिन्याचा पास) आहे का? २०२३च्या मे महिन्यात ४९ युरोला निघालं, २०२५मध्ये ५८ झालं, २०२६पासून ६३. महाग होत चाललंय, पण देशभरातल्या सगळ्या लोकल, ट्राम, बस आणि रीजनल गाड्या त्यात बसतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाहीत. हे तिकीट असलं की पहाटेची गाडी पकडायची गरजच उरत नाही, कारण आधी काढलेल्या स्वस्त तिकिटाची ठरावीक गाडी चुकायची भीती नाही. अकराला उठा, पोहे खा, बाराला निघा, सहाला परत.

श्टुटगार्टहून असं काय काय होतं ते सांगतो. एसलिंगन: एस-बान लोकलने पोचता, लाकडी पट्ट्यांची जुनी घरं, मागे द्राक्षांचे मळे चढून गेलं की गाव खाली दिसतं. ट्युबिंगन: नेकारच्या काठाने चालायचं, विद्यार्थ्यांचं गाव, कॉफी स्वस्त. बाड उराख: स्टेशनपासून जंगलातून चालत धबधबा, ३७ मीटरचा, शेवटची चढण दमवते. हेखिंगनला उतरून होहेनझोलर्नचा किल्ला, हा मात्र १९व्या शतकात नव्याने बांधलाय, आत 'शिवकालीन' काही शोधू नका. उल्मच्या अलीकडे-पलीकडे जायचं असेल तर ब्लाउबॉयरेनचा झरा बघाच. त्याचं पाणी इतकं निळं आहे की फोटो दाखवला तर घरचे म्हणतात फिल्टर लावलाय. आणि उल्मला चर्चचा मनोरा, जगातला सगळ्यात उंच, ७६८ पायऱ्या.

यातलं काहीही एका दिवसात होतं. रात्री आपल्या गादीवर.

वेधशाळा
प्रतिसाद उत्तम, पण एक दुरुस्ती. उल्मचं मिन्स्टर आता सगळ्यात उंच चर्च नाही. १६१.५ मीटर आहे खरं, पण २०२५च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने त्याला मागे टाकलं.

पुढचं_स्टेशन
अरेरे. उल्मवाल्यांना कुणी सांगितलं का? सव्वाशेहून जास्त वर्षं मिरवत होते बिचारे.

वेधशाळा
१८९०पासून. पायऱ्या मात्र तेवढ्याच आहेत, एकही कमी केलेली नाही.

उंबरा
म्युनिक, दोन मुलं. गवतीचहा, तुला एक गुपित सांगते. मुलं झाली की हा प्रश्न आपोआप सुटतो.

शनिवारी सकाळी धाकटीचं पोहणं. इथे शाळेत जायच्या आधी समुद्रघोड्याचा बिल्ला मिळवायची मुलांमध्ये केवढी चढाओढ! २५ मीटर पोहायचं आणि खांद्याएवढ्या पाण्यात बुडी मारून तळाची वस्तू वर आणायची. बिल्ला मिळाला की तो स्विमसूटवर शिवायचं काम आईचं. दुपारी कुणाचा तरी वाढदिवस, त्याची भेटवस्तू शुक्रवारीच आणलेली हवी. संध्याकाळी मराठीची शाळा, तिथे 'ळ' वरून रडारड. रविवारी मैदान. संपला वीकेंड.

आणि ज्यांना वाटतं की लांबचं फिरायला शुक्रवारी शाळेला दांडी मारू, त्यांनी ऐका: इथे शाळा सक्तीची आहे, सुट्टीला जोडून मूल गायब झालं तर दंड होऊ शकतो. बव्हेरियात तर पोलिसांनी विमानतळावर असली कुटुंबं पकडलेलीही आहेत. आपल्याकडे "मामाचं लग्न होतं" अशी चिठ्ठी दिली की भागायचं, इथे चालत नाही.

पण खरं सांगू का? तुझा धागा वाचून हेवा वाटला. पहाटेची गाडी, हातात कॉफी, सोबत फक्त नवरा. एक्सेल जरा सांभाळून ठेव.

नागपुरी_संत्रं
काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या ताई? नवरा फिरवून राहिला न? आमच्याकडे उलटं आहे. मी म्हणतो चाल, बायको म्हणते झोपू दे. शेवटी मी एकटाच खाली जाऊन रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकून येतो. तेच आमचं आउटिंग. भरलेली अनामत परत मिळते: पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचे २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८. पावती घेऊन येतो न गर्वाने फ्रीजला लावतो.

चकली
@संत्रं, बाटल्यांचं आउटिंग, मेले! ती पावती काउंटरवर वटवतोस ना, की नुसती लावतोस?

नागपुरी_संत्रं
बिअरच्या बाटल्या आणायले पैसे लागतात न.

सायकलराणी
नेदरलँड्सहून हजेरी. वाचून कळलं की निम्मं दुःख रविवारचं आहे. आमच्या गावात रविवारीही सुपरमार्केट चालू असतं, त्यामुळे शनिवारी भटकलं तरी सोमवारी दूध असतं घरात. जर्मनीत अजून हे का चालतं, मला कळत नाही. धार्मिक भानगड आहे का?

जुनं_खोड
सायकलराणी, धार्मिकही आहे आणि कामगारांचीही. रविवारी विश्रांती ही १९१९च्या वायमार राज्यघटनेतल्या १३९व्या कलमात होती, १९४९च्या नव्या घटनेने ते कलम जसंच्या तसं उचललं. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायचं ठरवलं तेव्हा चर्चवाले कोर्टात गेले आणि २००९मध्ये घटना न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पोलंडने तर उलट २०१८पासून रविवारची दुकानं टप्प्याटप्प्याने बंद करत आणली. तेव्हा ही काही जर्मनांचीच खोड नाही.

आता तुम्हा मुलांना जुन्या गोष्टी सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका. मी हानोवरला नव्वदीच्या सुरुवातीला आलो, विद्यार्थी म्हणून. तेव्हा दुकानं गुरुवार सोडला तर रोज संध्याकाळी साडेसहाला बंद, आणि शनिवारी दुपारी दोनला! महिन्यातला पहिला शनिवार तेवढा 'लांब'. शनिवारी उशिरा उठलेला विद्यार्थी सोमवारपर्यंत उपाशी. १९९६ला वेळ वाढली तेव्हा लोक म्हणाले, आता कुटुंबसंस्था बुडणार.

आणि फिरणं म्हणाल तर १९९५ला रेल्वेने एक वीकेंड तिकीट काढलं. १५ मार्कांत पाच माणसं, शनिवार-रविवार दोन्ही दिवस, देशभर, फक्त साध्या गाड्यांनी. आमच्यासारख्यांची चंगळ झाली. आम्ही तिघं असायचो. मग फलाटावर उभं राहून आणखी दोन गिऱ्हाईकं शोधायची, "हांबुर्ग? हांबुर्ग?" करत. एकेकाकडून तीन मार्क घ्यायचे. गाड्या बदलत बदलत, दारापाशी पिशव्यांवर बसून. एकदा एक जर्मन आजी आमच्यात पाचवी आली, तिने सगळ्यांना घरचा प्लमचा केक वाटला आणि म्युनिकपर्यंत आम्हाला पत्ते शिकवले. म्युनिकला काय पाहिलं ते आता आठवत नाही, तो पत्त्यांचा डाव मात्र अजून येतो.

ठसका
काका, तुमचा प्रतिसाद नेमका कुणाच्या बाजूने आहे? मी माझ्या बाजूने धरतोय.

जुनं_खोड
धर बाबा. शेवटी गाडीतच होतो आम्ही.

अर्धा_कप
मला वेगळं सांगायचंय. मी माग्देबुर्गला पीएच.डी. करतेय, एकटी राहते. इथे सगळे 'फिरू की घरी बसू' म्हणतायत, दोन्हीकडे सोबत कुणीतरी आहे असं धरून.

माझ्यासाठी रविवार हा आठवड्यातला सगळ्यात लांब दिवस असतो. लॅब बंद, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं फिरवणारे चार लोक. डिसेंबरात चारच्या पुढे अंधार. भारतात फोन करावा तर तिकडे रात्र होत आलेली, आईचं जेवण, मालिका. पहिल्या हिवाळ्यात मी रविवारी ट्राममध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे आणि त्याच ट्रामने परत यायचे. ड्रायव्हर ओळखायला लागला होता. फिरणं होतं का ते? नाही. पण घरी बसणंही नव्हतं.

मग विद्यापीठाच्या गिर्यारोहण मंडळाची पाटी दिसली. शनिवारी सकाळी स्टेशनच्या घड्याळाखाली जमायचं, हार्त्सच्या डोंगरात दिवसभर चालायचं, संध्याकाळी परत. कुणी फार बोलत नाही. पहिल्या दिवशी एकाने नुसतं "बूट चांगले आहेत" म्हटलं, दिवसभरात तेवढंच संभाषण. पण दर आठवड्याला तेच लोक. आता त्यातली दोघं माझ्याकडे पिठलं खायला येतात. चमच्याने खातात, पण खातात.

तेव्हा गवतीचहा, गावांची यादी करण्यापेक्षा माणसांची कर, असं मी म्हणेन. श्टुटगार्टला तर श्वेबिश आल्बचे डोंगर इतके जवळ आहेत, चालणाऱ्यांचे गट ढिगाने असतील. जर्मनही सुधारेल, बी१च्या पुस्तकात नसलेलं.

गवतीचहा
अर्धा_कप, तुझं वाचून थांबलेच जरा. श्टुटगार्टला कधीही ये, खरंच. चालणाऱ्यांचा गट शोधते.

जुनं_खोड काका, तुम्ही असे प्रतिसाद लिहीत राहा, मी धागेच काढत राहीन.

आणि एक विचारायचं राहिलं. रविवारी मशीन लावलं तर चालतं का हो? आमच्या खालच्या आजी जिन्यात भेटल्या की माझ्याकडे बघून फक्त "झोनटाग" (रविवार) म्हणतात आणि जातात.

वेधशाळा
घराच्या नियमावलीत काय लिहिलंय ते बघा, करारासोबत दिलेली असते. त्यात मनाई नसेल तर दिवसा मशीन लावायला सहसा हरकत नसते. ड्रिल, हातोडी, गवत कापायचं यंत्र मात्र रविवारी अजिबात नाही. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पिंपात टाकायच्याही वेळा ठरलेल्या आहेत, पिंपावरच लिहिलेल्या असतात. रात्री दहानंतर शांतता रोजचीच.

चकली
श्टुटगार्टला आहेस म्हणजे केरवोखे आलंच. आमच्या जिन्यात एक लाकडी पाटी आहे, ज्याच्या दाराला लटकली त्याने त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा. शनिवारी आम्ही बाहेरगावी गेलो होतो, परत आलो तर पाटी तशीच दाराला, आणि जिना लख्ख पुसलेला. वरच्या आजोबांनी पुसला होता. काहीही बोलले नाहीत. त्या न बोलण्यानेच जीव अर्धा झाला. दुसऱ्या दिवशी मी श्रीखंडाची वाटी नेऊन दिली, तेव्हा कुठे हसले.

सायकलराणी
श्रीखंड? चक्का कुठे मिळतो तुला?

चकली
मिळवायचा कशाला? क्वार्क, इथलं मऊ ताजं चीज! ४० टक्के फॅटवालं घे, बिनफॅटचं मागेरक्वार्क नको, ते आंबट आणि रवाळ लागतं. रात्रभर फडक्यात टांगून ठेव, सकाळी पिठीसाखर, वेलची, केशर. दसऱ्याला पाहुण्यांना सांगितलं नाही तर कुणाला कळत नाही.

तिखटमीठ
धागा हायजॅक झालेला आहे. तरी, पोळ्यांचं पीठ कुठलं वापरता?

चकली
१०५० नंबरचं गव्हाचं. ४०५ केकचं, त्याच्या पोळ्या रबर होतात. देशी दुकानातला आटा मिळाला तर प्रश्नच नाही.

उंबरा
खाण्यावरून आठवलं. शाकाहारी असाल तर फिरताना जपून. माउलटाशन या सारण भरलेल्या प्रकारात मांस असतं, 'भाज्यांचं' असं लिहिलेलं असेल तरच घ्या. फ्लामकुखनच्या पातळ रोटीवर बेकनचे तुकडे असतात. केझश्पेट्झले हा बिचारा चीज-नूडल्सचा प्रकार शाकाहारी असतो, पण वरचा कांदा कशात तळलाय ते विचारून घ्या. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा सगळ्या सहलीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि डोंगरावर जाऊन दही मागायच्या.

नागपुरी_संत्रं
आईबाबा आले की वीकेंडची गोष्टच वेगळी. आमचे बाबा आले, त्यांना मी ऱ्हाइनचा धबधबा दाखवायला शाफहाउझनला घेऊन गेलो. युरोपातला एवढा मोठा धबधबा, नाव काढलं जातं, बोटीतून जवळ जाता येतं, मी आपला उत्साहाने सांगून राहिलो. बाबा दहा मिनिटं बघत उभे. मग विचारतात, "उंची किती?" मी म्हटलं, २३ मीटर. "गिरसप्पा किती?" मी गप्प. "२५३," तेच म्हणाले, आणि बाकावर बसून संत्र सोलायले लागले.

वेधशाळा
बाबांचा आकडा बरोबर आहे. तरी रुंदी १५० मीटर आहे आणि पाणी बारा महिने असतं, हा मुद्दा मांडायला हवा होता.

नागपुरी_संत्रं
मांडला. ते म्हणाले, "पावसाळ्यात ये, दाखवतो."

ठसका
इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, तिकडे न्यायचं ना बाबांना. आणि युंगफ्राउयोखला ३४५४ मीटरवर भारतीय जेवण मिळतं. तिथे गिरसप्पा आठवत नाही कुणाला.

सायकलराणी
कामाचं बोलते. सीमेपलीकडे फिरताना पासपोर्ट आणि रहिवासाचं कार्ड दोन्ही जवळ ठेवा. कार्ड एकटं पुरत नाही. शेंगेन म्हणजे तपासणी नाही हे आता विसरा, जर्मनीने २०२४च्या सप्टेंबरपासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. आमच्याकडून तिकडे जाताना बसमध्ये पोलीस चढले, एका मुलाचा पासपोर्ट घरी होता, त्याला उतरवून बाजूला घेतलं, आमची बस खूप वेळ खोळंबली. आणि आयर्लंड, इंग्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. रुमानिया-बल्गेरिया मात्र २०२५पासून पूर्ण आत आले, तिकडे गर्दीही कमी.

पुढचं_स्टेशन
त्यावरून. लक्झेंबर्गमध्ये २०२०पासून बस, ट्राम, रेल्वेचा दुसरा वर्ग सगळं फुकट. ट्रीरपर्यंत डॉइचलांड तिकिटावर जा, सीमेपलीकडच्या पहिल्या स्टेशनपासून पुढे पैसेच नाहीत. मधल्या छोट्या तुकड्याला तिकीट लागतं का ते आधी बघा. स्ट्रासबुर्गलाही तसंच: केलपर्यंत जर्मन गाडी, तिथून ट्राम ऱ्हाइन ओलांडून थेट गावात नेते.

आणि गाडीला उशीर झाला तर रागावू नका, अर्ज करा. ६० मिनिटं उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, १२० झाली तर ५० टक्के परत मिळतात, हा युरोपीय नियम आहे. (मोठी अडचण आली आणि पैसे द्यायची जबाबदारी रेल्वेवर येत नसेल असे अपवाद आहेत.) मी आलेल्या पैशांचं वेगळं पाकीट ठेवलंय, त्यातून वर्षाकाठी एक बरं जेवण होतं.

तिखटमीठ
म्हणजे तू उशिराची वाट बघत असतोस.

पुढचं_स्टेशन
५५ मिनिटांवर गाडी पोचली की माझ्याइतकं दुःखी कुणी नसतं.

उंबरा
एक महत्त्वाचं, फिरत असा की घरी असा. वीकेंडला तब्येत बिघडली तर थेट इस्पितळाच्या इमर्जन्सीत जाऊन तासन्‌तास बसू नका. ११६११७ला फोन करा, सुट्टीच्या दिवशी कुठला डॉक्टर आहे ते सांगतात. जिवावरचं असेल तर ११२. औषधाची दुकानं पाळीपाळीने उघडी असतात, कुठलं ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. अडीच युरो जास्तीचे घेतात, घेऊ द्या.

एक्सेलवाला
नमस्कार. मी तो नवरा. धागा दाखवला गेला नाही, सापडला.

आधी एक स्पष्टीकरण: मोहरीची ट्यूब आणि अर्धं लिंबू यांशिवाय फ्रीजमध्ये लोणचंही होतं.

बाकी माझी बाजू मांडतो. माझे बाबा एसटीत चालक होते. स्वारगेट-महाबळेश्वर, स्वारगेट-गणपतीपुळे, पंढरपूर, तुळजापूर. सगळा महाराष्ट्र त्यांनी पाहिला, पण समोरच्या काचेतून. महाबळेश्वरला कित्येकदा गेलेला माणूस, पॉइंट एकही पाहिलेला नाही. गाडी लावायची, चहा, डुलकी, परत. मी विचारलं की म्हणायचे, "निवृत्त झालो की उतरून बघू." निवृत्त झाले आणि गुडघे गेले. आता मी फोटो पाठवतो ते चष्मा लावून बघतात आणि आईला सांगतात कुठला रस्ता कसा आहे. रस्ताच बघतात, चर्च नाही.

त्यामुळे लाल रंग दिसला की मला राहवत नाही. एवढंच.

पुढचं_स्टेशन, ब्लाउबॉयरेनची माहिती बघून ठेवली आहे.

गवतीचहा
हे मला कधी बोलला नाहीस. लॅपटॉप बंद कर आणि स्वयंपाकघरात ये.

ठसका
मी आधीच म्हटलं होतं, मी याच्या पार्टीत.

अर्धा_कप
बाबांना व्हिडिओ कॉलवर गाडीच्या पुढच्या काचेतून रस्ता दाखवता येईल. ट्राममध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा त्यासाठी उत्तम, मला अनुभव आहे.

जुनं_खोड
त्यांना इकडेच बोलवा. गुडघ्यांना ट्राम चालते, बोट चालते. बोडनसे सरोवरात कोन्स्टांझ-मेर्सबुर्गची फेरी बोट आहे, गाडीसकट माणसं चढतात, बसल्या जागेवरून आल्प्स दिसतात. चालकाला दुसऱ्याने चालवलेल्या वाहनात बसायला मिळणं ही पण मजा असते.

वेधशाळा
धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे: घरी राहिलो तर काही चुकतं का? मी श्टुटगार्टलाच असतो, लिहायला उशीर केला. आमच्या शहराचं आणि मुंबईचं १९६८पासून भगिनी-शहर म्हणून नातं आहे हे इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही माहीत नसतं. श्टुटगार्टलाच १८१४ला जन्मलेल्या हेरमान गुंडर्टने केरळात राहून मल्याळमचं व्याकरण आणि कोश रचला. हेरमान हेस हा त्याचा नातू, त्याचं गाव काल्व इथून जवळ. शनिवारी गावातल्याच ग्रंथालयात जाऊन बसा, टेकड्यांवरच्या जिन्याच्या वाटा चढा-उतरा. मी बाहेरगावी फारसा जात नाही आणि माझी यादी अजून संपलेली नाही.

एक्सेलवाला
'श्टुटगार्ट' अशी ओळ घातली. रंग कुठला द्यायचा?

तिखटमीठ
केशरी. श्रीखंडाचा.

गवतीचहा
या शनिवारी घरी आहोत. दोन मशीन कपडे, मग बाजार, मग क्वार्क टांगणार. रविवारी दुपारी ब्लाउबॉयरेन, बाराची गाडी, पहाटेची नाही. चकली, पाचशे ग्रॅम क्वार्कला साखर किती? आणि खालच्या आजींना द्यायचं तर वेलची आवडेल का त्यांना?

चकली
आधी दीडशे ग्रॅम घालून चाखून बघ, क्वार्क किती निथळलंय त्यावर आहे. वेलची घाल बिनधास्त, नाताळच्या बिस्किटांत त्या घालतातच. वाटी मात्र काचेची दे, परत येते. प्लास्टिकच्या डब्यात दिलंस तर तो धुऊन पिवळ्या पिशवीत, म्हणजे प्लास्टिकच्या कचऱ्यात, टाकून देतील.